सादळलेले पापड

"सादळलेत," मी म्हणाले आणि पिशवी टेबलावरून परत सरकवली.

मैमूनबींनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या मागे कमानपुऱ्याच्या दहा बायका आपापल्या पिशव्या छातीशी धरून उभ्या होत्या. चैत्राचे दिवस होते. सकाळच्या आठलाच डोक्यावरचे पत्रे तापायला लागले होते. आमच्या मराठवाड्यात त्या दिवसांत ओला टॉवेल दोरीवर टाकून मागं वळावं, तर तो वाळलेला असतो. तसल्या उन्हात पापड सादळत नाहीत, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही.

मैमूनबींच्या सुनेला, तरन्नुमला, राहवलं नाही. ती पुढं आली. "चार दिवस घरातच होते, ताई. कर्फ्यूत दुसरं होतं काय करायला? रोज ऊन दाखवलंय मी. कसे सादळतील?"

"मग मी खोटं बोलते का?" मी म्हणाले.

हे वाक्य आजही आठवलं की मान खाली जाते. खोटं बोलणाऱ्या माणसाला राग किती चटकन येतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आमची पापडाची संस्था होती. लीलावतीबाई बोराळकरांनी आपल्या घरामागच्या शेडमध्ये ती सुरू केली होती. रीत साधी होती. सकाळी येऊन बायकांनी उडदाचं भिजवलेलं पीठ आपापल्या डब्यात घेऊन जायचं, घरी लाटायचं, पालथ्या टोपल्यांवर वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. मी तपासणीला होते. पापड पास झाले की पुढचं पीठ मिळायचं. नापास झाले की पापडही परत आणि त्या दिवशीचं पीठही नाही. साठ-सत्तर बायका होत्या, त्यातल्या अकरा कमानपुऱ्याच्या, म्हणजे नाल्यापलीकडच्या मुसलमान वस्तीतल्या.

तपासणी मला शिकवली तीसुद्धा मैमूनबींनीच. त्या पन्नाशीच्या, मी तिशीतली. संस्थेत त्या पहिल्या दिवसापासून होत्या, पण त्यांना लिहिता येत नव्हतं म्हणून तपासणीचं टेबल मला मिळालं. मी बोटांनी पापड चाचपत होते तेव्हा त्या हसल्या होत्या. "हाताला काय कळतंय बाई, आपले हात दगड झालेत. गालाला लाव. गार लागला की समजायचं, ओल हाय." तेव्हापासून मी प्रत्येक पिशवीतला वरचा, मधला आणि खालचा पापड काढून गालाला लावत असे. बायका माझी चेष्टा करायच्या की कुमुदताईला नवरा नको, पापड द्या.

त्या सकाळी मी मैमूनबींच्या पिशवीतला एकही पापड गालाला लावला नव्हता.

त्याच्या आदल्या आठवड्यात गावात दंगल झाली होती. सुरुवात कशावरून झाली ते दोन्ही बाजू वेगवेगळं सांगत. बाजारातली काही दुकानं जळली, माझ्या दिराच्या सायकल दुकानाच्या काचा फुटल्या, दोन्हीकडची माणसं दवाखान्यात पडली आणि चार दिवस संचारबंदी लागली. ती उठली त्या दुपारी लीलावतीबाईंनी मला बोलावून घेतलं. आपल्या पेठेतल्या बायका कुरकुर करताहेत, कमानपुऱ्याच्या पापडांत आपले पापड मिसळू नका म्हणतात, दोन दुकानदारही नको ते विचारत होते, असं त्यांनी सांगितलं.

"आपण कुणाला काढून टाकायचं नाही," बाई म्हणाल्या. "आपली संस्था तसली नाही. पण तपासणी तुझ्या हातात आहे."

मी 'बरं' म्हणाले. एवढंच. त्यांना मला धमकवावं लागलं नाही, समजावावं लागलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. तसं काही नव्हतं. सगळ्या पेठेला जे हवं होतं ते माझ्या एका शब्दानं होणार होतं, आणि वर माझा चांगुलपणाही शाबूत राहणार होता. मला ते सोयीचं वाटलं.

तर तरन्नुमचा आवाज चढला, तशी फाटकाबाहेर हालचाल झाली. बायकांच्या सोबतीला कमानपुऱ्याची सात-आठ माणसं आली होती, कुणाचा नवरा, कुणाचा दीर. त्यांनी आत डोकावून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या पानटपरीपाशी आमच्या पेठेतली माणसं उभी होती, त्यांनी यांच्याकडे पाहिलं. पोलिसांची गाडी चौकात होती, पण पोलीस चहाला गेले होते.

मैमूनबींनी पिशवीतून एक पापड काढला. डोळे मिटून तो गालाला लावला. बराच वेळ लावून ठेवला असं मला वाटलं. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गार हाय."

"अम्मी," तरन्नुम म्हणाली.

"गप. ताईचं बरोबर हाय. चार दिवस दारं-खिडक्या लावून बसलो आपण, घरात कोंडमारा. धरली असंल ओल." त्या मागं वळल्या. "सगळ्याजणी पिशव्या द्या माझ्याकडं. माझ्या अंगणात कडक वाळवते. आन् उद्यापासून एवढ्याजणींनी यायचं काम न्हाई, दिवस बरे न्हाईत. पापड मीच आणंन, पीठ मीच नेईन."

बाहेर जाऊन त्यांनी माणसांनाही तेच सांगितलं. माणसं निघून गेली. पानटपरीपाशीही पांगापांग झाली. जाता जाता मैमूनबी माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "येते. तुम्ही जेवून घ्या वेळेवर." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं.

लीलावतीबाईंनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. आमच्या पेठेतल्या बायका हसून बोलायला लागल्या. मला इतकं हलकं वाटलं, की पापड खरंच सादळलेले असतील असंच मला दुपारपर्यंत वाटायला लागलं होतं. मैमूनबींसारखी जाणती बाई म्हणते म्हणजे असतील.

दुपारी शेड झाडताना टेबलाखाली एक पापड सापडला. कमानपुऱ्याचाच होता. मैमूनबी कडेला इतका पातळ लाटायच्या की तो लगेच ओळखू यायचा. मी तो गालाला लावला. कोमट लागला. दुमडायला गेले तर काडकन मोडला. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी ते दोन्ही तुकडे घरी नेऊन विस्तवावर भाजले आणि वरणभाताबरोबर खाल्ले. फेकून का दिले नाहीत, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैमूनबी एकट्याच आल्या. एका हातात पापडांची पिशवी, दुसऱ्या हातात पिठाचा झाकणाचा डबा. मी पिशवी उघडलीसुद्धा नाही. अजून दोन दिवस ऊन दाखवा म्हणाले. त्यांनी मान डोलावली, फाटकाच्या पायरीवर जाऊन बसल्या, आणि इतर बायका पीठ घेऊन निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर उठून चालू लागल्या.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापासून त्यांनी टेबलापाशी येणंही सोडलं. नुसत्या डबा घेऊन यायच्या, पायरीवर अर्धा-पाऊण तास बसायच्या आणि सगळ्यांबरोबर परत जायच्या. रोज. मला त्याचा राग यायला लागला. वाटायचं, मला सगळ्यांपुढं ओशाळं करायला बसते ही बाई. एकदा मी लीलावतीबाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, बसू दे, कंटाळेल.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला पडत होती. येताना मैमूनबी डब्याच्या बाजूला झुकून चालायच्या, दर वीस पावलांवर हात बदलायच्या. रिकामा डबा घेऊन कुणी असं चालत नाही. मी ते पाहत होते, आणि पाहून सोडून देत होते.

बाजार हळूहळू सुरू झाला. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, रहिमनगरात, एकदा पुन्हा दगडफेक झाली, आमच्या पेठेच्या पलीकडं एक हातगाडी जाळली. कमानपुरा मात्र शांत राहिला. नाल्याच्या पुलावरून एक दगड इकडून तिकडं गेला नाही. त्याचं पोलिसांनाही नवल वाटत होतं.

तीन आठवड्यांनी पोलीस ठाण्याच्या आवारात शांतता समितीची मोठी बैठक झाली. संस्थेच्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. कमानपुऱ्याच्या बायकाही आल्या होत्या, डाव्या हाताला सतरंजीवर बसल्या होत्या. जिल्ह्याहून मोठे साहेब आले होते. ते बोलायला उभे राहिले. सभा-समित्यांनी शांतता होत नाही, ती साध्या माणसांच्या रोजच्या कामानं होते, असं काहीसं ते बोलत होते. मी अर्धवट ऐकत होते. मग ते म्हणाले की मी स्वतः कमानपुऱ्यात घरोघर फिरलो. बायकांना विचारलं, तर प्रत्येकीनं एकच सांगितलं. दंगल झाली, पण संस्थेनं आमचं पीठ थांबवलं नाही. मंदी आहे म्हणून थोडं येतं, पण रोज येतं.

माझ्या शेजारी बसलेल्या लीलावतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"ज्या घरातली बाई रोज सकाळी नाल्यापलीकडून पीठ आणते," साहेब म्हणाले, "त्या घरातला माणूस नाल्यापलीकडं दगड कसा मारेल?"

टाळ्या वाजल्या. कमानपुऱ्याच्या बायका सगळ्यांत जोरात वाजवत होत्या. आमच्या पेठेतल्या बायकांना खरं काय ते पक्कं माहीत होतं, पण एकीनंही घसा खाकरला नाही. मग संस्थेचं नाव पुकारलं गेलं. लीलावतीबाईंनी मला कोपरानं ढकललं. रोजचा संबंध तुझा, म्हणाल्या, तूच जा.

मी गेले. साहेबांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला. डब्याचं ओझं, पायरीवरचं ते बसणं, मंदीमुळे थोडं येणारं पीठ, सगळं माझ्या डोक्यात एकामागून एक जुळत गेलं. ती बाई रोज पहाटे स्वतःच्या घरी पीठ भिजवत होती. डबा भरून आमच्या फाटकापर्यंत आणत होती आणि संस्थेचं पीठ म्हणून परत नेत होती. वाटेत सगळ्यांनी पाहावं म्हणून.

ध्वनिक्षेपक माझ्यापुढं आला. दोन शब्द बोला, ताई. मी सतरंजीकडं पाहिलं. मैमूनबी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी अगदी थोडी मान हलवली, नाही म्हणून. मला बोलायचं नव्हतंच, पण त्यांनी मान हलवली म्हणून मी गप्प राहिले असं मला स्वतःला सांगता आलं. "हे सगळ्यांचं श्रेय आहे," असं काहीतरी पुटपुटून मी खाली उतरले.

बैठकीनंतर लीलावतीबाई म्हणाल्या, "आता त्यांना पीठ द्यावंच लागेल. साहेब कधीही चौकशीला यायचे." एवढं सगळं होऊन आमच्याकडून न्याय झाला तो असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाल कागदात गुंडाळून नाला ओलांडला. दंगलीनंतर पहिल्यांदाच. लोक माझ्याकडं बघत होते, पण कुणी अडवलं नाही. उलट एका म्हाताऱ्यानं मैमूनबींचं घर दाखवलं आणि संस्थेच्या ताई आल्यात म्हणून हाळी दिली.

घर म्हणजे दोन खोल्या. स्वयंपाकघरावर पत्रे नव्हते, ताडपत्री ताणलेली होती. मागच्या पावसाळ्यात पत्रे उडाले होते आणि या उन्हाळ्यात नवे टाकायचेत, असं मैमूनबी वर्षभर सांगत होत्या, ते मला आठवलं. पत्र्यांसाठी साठवलेले पैसे कशात गेले ते विचारायची गरज नव्हती. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे एकावर एक रचले होते. पंधरा-सोळा तरी असतील. तरन्नुमनं वरच्या डब्याचं झाकण काढून दाखवलं. गच्च पापड होते. पातळ, गोल, कडेपर्यंत सारखे. अकराजणींनी अठरा दिवस लाटलेले, आणि घेणारं कुणी नसलेले.

मी खाली बसले. रडायला आलं. शाल पुढं केली. मैमूनबींनी ती बाजूला ठेवली, उघडलीही नाही.

"मी उद्या सगळ्या बायकांपुढं सांगते," मी म्हणाले. "मी खोटं बोलले होते, तुमचे पापड चांगले होते. सगळ्यांची माफी मागते."

"कामून?"

"म्हणजे काय? चूक माझी आहे."

"माफी मागून तुला बरं वाटंल," मैमूनबी म्हणाल्या. पुन्हा 'तू' ऐकून मला हुंदका आला. "त्यांचं काय? आज त्यांना वाटतंय, गाव पेटलं तरी पलीकडच्या बायांनी आपल्याला टाकलं न्हाई. त्येच्यावर झोपतेत त्या. त्यांचे माणसं त्येच्यावर गप हायेत. तू खरं सांगशील आन् जाशील घरी. आम्हाला इथं राहायचंय."

"मग मी काय करू?"

"उद्यापासून पीठ दे. अकरा जणींचं, पुरं." त्या उठल्या, वरचा डबा खाली घेतला आणि माझ्यापुढं ठेवला. "आन् हे तपास."

"तपासायचं काय त्यात? मी सगळे पास करते, उद्या हातगाडी पाठवते."

"तसं न्हाई. तपास. एक एक. गालाला लावून."

मी त्यांच्या अंगणात बसले आणि पापड तपासायला लागले. एक उचलायचा, गालाला लावायचा, बाजूला ठेवायचा. मैमूनबी समोर बसून मोजत नव्हत्या की बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. पापडखार आणि मिऱ्यानं तासाभरात गाल चुरचुरायला लागला. मी दुसऱ्या गालाला लावायला घेतले. संध्याकाळपर्यंत तीन डबे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सहा दुपारी गेल्या त्यात. दोन्ही गालांची सालं निघाली, घरी विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणून सांगितलं. एवढ्या हजारो पापडांत एकही सादळलेला निघाला नाही.

शेवटच्या दिवशी हलीमा अंगणात आली. अकराजणींतली सगळ्यांत लहान, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मला पाहून ती आधी बुजली, मग पाण्याचा तांब्या घेऊन आली. ताई इथं येऊन कामून तपासतात, म्हणून तिनं मैमूनबींना विचारलं.

"संस्थेचीच रीत हाय," मैमूनबी म्हणाल्या. "चांगलं काम असलं की घरी येऊन बघतेत."

हलीमाचा चेहरा उजळला. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. "ताई, माझे कसे हायेत? अम्मी म्हणते माझे जाड होतेत."

"चांगले आहेत," मी म्हणाले. "खूप चांगले आहेत." तिनं मला पाणी प्यायला लावलं आणि घरी जाऊन सांगते म्हणून धावत गेली.

पुढं तपासणीच्या टेबलावर तरन्नुम बसू लागली, मी मागच्या खोलीत हिशोबाला गेले. मैमूनबी जाऊनही आता बारा वर्षं झाली. त्यांच्या स्वयंपाकघरावर पत्रे तरन्नुमनं घातले, पण मैमूनबींना ते बघायला मिळाले नाहीत. मिळालेली शाल माझ्याच कपाटात आहे. मैमूनबींनी ती ठेवून घेतली नाही आणि मला ती अंगावर घेता येत नाही.

हलीमा अजून मंगळवारच्या बाजारात भेटते. तिची मुलं शिकून मोठी झाली. भर रस्त्यात माझा हात धरून ती आपल्या सुनेला सांगते, याच त्या ताई, त्या दंगलीतही यांनी आपलं पीठ बंद केलं नव्हतं. मी हसते आणि तिच्या पाठीवर हात ठेवते. मैमूनबींनी नको म्हटलं होतं म्हणून मी तिला खरं सांगत नाही, असं मी म्हणू शकते. पण हे सगळं मी आज इथं कागदावर लिहू शकले, ते हलीमाला वाचता येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे म्हणून.